बिनचाकी गाडीतली बाई

आमच्या दुकानात मांजरपाट, धोतरजोड्या आणि इरकली लुगडी मिळायची. अशा दुकानदारानं रशियातल्या चांदीच्या मूर्ती जमवाव्यात, हे अणदूरच्या लोकांना कधी पटलं नाही. माझ्या वडिलांनाही नाही. "चांदी घ्यायची तर करदोटा घे, तोडे घे. अस्वल घिऊन काय करणार हाईस?" असं ते म्हणायचे. आवडलं म्हणून घेतलं, एवढंच. आवडीला कारण मागणाऱ्या माणसाचा मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

निजामाचं राज्य होतं. नळदुर्गच्या पलीकडं एका खेड्यात एका जहागीरदारांची देवडी, म्हणजे मोठा वाडा, होता. जहागीरदार तरुणपणी विलायतेला राहून आलेले. रशियात राज्य उलथलं तेव्हा तिथले सरदार-दरकदार पळून विलायतेत आले आणि पोटासाठी घरातल्या वस्तू विकू लागले. त्या वस्तू जहागीरदारांनी पेट्या भरभरून आणल्या होत्या. ते वारले आणि वारस हैदराबादला राहू लागले. खेड्यातल्या देवडीत त्यांचा जीव रमेना. मग वर्षातून एकदा-दोनदा यायचं आणि थोडं थोडं सामान हर्रासाला काढायचं, असा त्यांचा क्रम सुरू झाला. लिलावाला आमच्याकडं हर्रास म्हणतात. पलंग, झुंबरं, घोड्यांची खोगिरं असं काहीही निघायचं, आणि मधेच एखादी लाकडी पेटी उघडली की आत मऊ कापडात गुंडाळलेली ही रशियन चांदी.

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, नळदुर्गला राहायचे आणि त्या देवडीच्या तोशाखान्यावर कारकून होते. तोशाखाना म्हणजे किमती वस्तूंची कोठी. किल्ल्या त्यांच्याकडं असायच्या आणि हर्रासाच्या आदल्या दिवशी सामान पुसून मांडायचं कामही त्यांचंच. दाजींना अहो-जाहो करायची आमच्यात रीत आहे, म्हणून इथंही ती पाळतो. हात मात्र 'तो' लिहायला शिवशिवतो आहे, हे वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

पहिल्याच हर्रासात ती गाडी निघाली. वीतभर लांबीची, सगळी चांदीची. पुढं तीन घोडे शेजारी शेजारी जुंपलेले. मधल्याच्या मानेवर एक उंच कमान आणि कमानीला ज्वारीच्या दाण्याएवढी घंटा. पुढच्या बैठकीवर दाढीवाला गाडीवान, त्याच्या टोपीची लोकरसुद्धा कोरून काढलेली. घोड्यांच्या नाकपुड्या फुगलेल्या आणि शेपट्या वाऱ्यावर उडालेल्या. फक्त एकाच गोष्टीनं गर्दीत हशा पिकला. गाडीला चाकंच नव्हती.

"चाकं कुठं इकली जहागीरदारांनी?" मागून कोणीतरी ओरडलं.

"तिकडं समदं बरफ असतंय," दाजी शांतपणे म्हणाले. "चाकं रुततेत. गाडी घसरत जाती."

मला ते ऐकून गाडी आणखीच आवडली. आमच्या भागात उन्हाळ्यात माती तव्यासारखी तापते, आणि हे घोडे बर्फातून धावतायत. मी बोली लावली. दुसरं कोणी फारसं पुढं आलं नाही, बिनचाकी गाडी घेतो कोण? "एक बार, दो बार" झालं आणि गाडी माझी झाली. हातात घेऊन निरखू लागलो तेव्हा दिसलं की मागची बैठक रिकामी आहे. गादीवर बारीक चुण्या कोरलेल्या आणि मधोमध एक भोक. भोकाच्या आत आटे पाडलेले. म्हणजे तिथं काहीतरी फिरवून बसवलेलं होतं आणि ते निघालं होतं.

देवडीतली एक म्हातारी दासी खांबाला टेकून बसली होती. ती म्हणाली, "उसमें एक बीबी बैठती थी मियाँ, सोने की. हौ, मैंच पोंछती थी उसको."

"म्हातारीला दिसत न्हाय आता," दाजी हळूच माझ्या कानाशी म्हणाले. "कायबी बोलती."

माझ्या मनात मात्र ती बाई तिथंच बसली. धावणारे घोडे, हाकणारा गाडीवान आणि मागं कोणीच नाही, हे मला सहनच होईना. घरी दिवा लावला की मी त्या भोकाकडं बघत राहायचो. ती जागा भरायची, एवढी एकच इच्छा मला पुढं कितीतरी वर्षं होती. संसार चालला होता, दुकान चाललं होतं, त्यासाठी काही मागायचं नव्हतं. मागणं होतं ते एवढंच.

आता गाडीच्या वाटणीचं सांगितलं पाहिजे, कारण असली वाटणी फक्त आमच्याच भागातली माणसं करू जाणोत. देवडीच्या नोकराला देवडीच्या हर्रासात बोली लावता येत नसे. म्हणून दाजींनी आधीच ठरवलं होतं की बोली माझी, पैसे दोघांचे निम्मे-निम्मे आणि वस्तू दोघांची. पण गाडी अर्धी कशी करणार? तेव्हा माझ्याच डोक्यात आलं. आमच्या खंडोबाची मूर्ती एकच आहे. तो वर्षातला मोठा काळ अणदूरला असतो आणि थोडा काळ नळदुर्गला. ठरल्या दिवशी एका गावची माणसं देव घेऊन येतात आणि दुसऱ्या गावची घेऊन जातात. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललेलं आहे आणि दोन्ही गावं सुखी आहेत. मग गाडीलाही तोच नियम लावावा. देव अणदूरला तेव्हा गाडी माझ्याकडं, देव नळदुर्गला तेव्हा दाजींकडं.

"म्हंजी तुमच्याकडं जास्ती राहणार," दाजी हसून म्हणाले. "राहू द्या. पाव्हण्यांची हौस मोठी हाय."

त्यांच्या ह्या मोठेपणानं मी भारावून गेलो होतो. बायकोला सांगितलं, आईला सांगितलं, दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकालाही सांगितलं. देवाची पाळी बदलली की मी गाडी मांजरपाटात गुंडाळून बैलगाडीनं नळदुर्गला न्यायचो. बहीण दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायची, जणू घोडे खरेच लांबून आलेत. नवी वस्तू घरात आली की आधी देवापुढं ठेवायची, म्हणून गाडी दाजींच्या देवघरात जायची. दाजी हात जोडायचे, मीही जोडायचो. दाजींची आई म्हातारी होती, पण देवाचं सगळं तिच्या नजरेखाली चालायचं. तिचे टाक आणि मूर्ती हळदीनं इतक्या माखलेल्या असायच्या की कोणता देव कोणता हे तिलाच ठाऊक.

पुढच्या हर्रासांत मी बाई शोधू लागलो. दाजीही माझ्याबरोबर शोधायचे. "वारसानं हैदराबादला नेली असंल, मन भरलं की आणून टाकंल," असं ते म्हणायचे. बाई निघाली नाही, पण तिला शोधता शोधता माझा साठा वाढला. मध खाणारं एक अस्वल मिळालं. खांद्यावर कावड घेतलेला पाणक्या मिळाला, आमच्याकडच्या कावडीसारखीच कावड. तिकोनी तुणतुणं वाजवणारा म्हातारा मिळाला, त्याच्या अंगरख्याच्या कडेला सोन्याचा मुलामा होता. हे सगळे मी एकट्यानं घेतले. प्रत्येकाच्या तळाशी एका बाईचं डोकं आणि ८४ असा बारीक शिक्का. गावात एकानं त्यावरून चौऱ्याऐंशी लक्ष योनींचं प्रवचनच लावलं होतं. शेवटी सोलापूरच्या एका सराफानं सांगितलं की हा त्यांच्याकडचा चांदीचा कस आहे. सोनं असेल तर ५६ असतो. मी लगेच मनात नोंद केली, बाईच्या तळाशी ५६ असणार.

तेव्हा जगातली दुसरी मोठी लढाई चालू होती. पेपरात रोज रशियाचं नाव यायचं. मी बहिणीला म्हणायचो, "तिकडं शहरंच्या शहरं जळतायत आणि त्यांची एक बाई मला घावत न्हाय." ती चुलीपुढं भाकरी थापता थापता हसायची. "कशी असंल गं ती?" मी विचारायचो. "असंल एखादी मडमिणीवाणी," ती म्हणायची. "टोपीबिपी घातलेली." मला वाटायचं, माझं हे वेड तिला एकटीलाच कळतंय. बायकोनं केव्हाच कान बंद केले होते आणि आई तर हे नाव काढलं की उठून जायची. नळदुर्गच्या त्या चुलीपुढं बसून मी बाईबद्दल बोलायचो आणि बहीण ऐकायची. माझ्या आयुष्यातल्या गोड आठवणी काढायच्या झाल्या असत्या तर मी त्या चुलीपुढच्याच काढल्या असत्या.

मग रझाकारांचे दिवस आले. आमच्या भागातून जो तो उठून सरहद्दीपलीकडं सोलापूरला जाऊ लागला. आम्हीही दुकानाला कुलूप लावलं. अस्वल, पाणक्या आणि म्हातारा मी धान्याच्या पेवात पुरले, गाडी मात्र जवळ घेतली, ती पुरायला मन होईना. दाजींचं घरही आलं. सोलापुरात एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या वखारीमागं दोन खोल्या मिळाल्या, एकीत आम्ही आणि एकीत ते. दाजींच्या आईनं कपडे सोडले, भांडी सोडली, पण देव ती पाटासकट मांडीवर घेऊन आली होती.

त्या खोलीत तिला घर आठवायचं. ती खंगली आणि पावसाळ्यातच गेली. दाजींच्या घराला सुतक लागलं. सुतकात घरच्यांनी देवाला शिवायचं नसतं, पण देव पारोसे ठेवायचे नसतात. आमचं कूळ वेगळं, मला सुतक नव्हतं. म्हणून पूजा माझ्याकडं आली. रोज सकाळी मी देवांवर पाणी शिंपडायचो, फुलं वाहायचो आणि बाजूला व्हायचो. दहाव्याच्या दिवशी दाजी नदीवर गेले. मला वाटलं, आता सुतक फिटणार, तर देव लखलखीत करून द्यावेत. म्हातारीलाही बरं वाटेल. चिंच भिजवली, राख घेतली आणि एकेक देव उचलून ताम्हनात घेऊ लागलो.

खंडोबा निघाला, भवानी निघाली, बाळकृष्ण निघाला. बानाई निघेना. खंडोबाची ही दुसरी बायको त्यांच्या घरी बसलेल्या रूपात होती, बोटभर उंचीची, हळदीत गच्च. ओढून बघितली, हलली नाही. मग पकड घेण्यासाठी जरा फिरवली, तशी ती फिरत फिरत वर आली. पाटाला भोक पाडलेलं होतं. देव फिरवून काढावा लागतो, हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

चिंचेचा एक हात फिरवला तेव्हा हळदीखाली पिवळं निघालं आणि ते हळदीचं नव्हतं. घोळदार झगा, गळ्याशी फर, डोक्यावर मोरपिसाऱ्यासारखा उंच मुकुट आणि दोन्ही हात थंडीसाठी एका लोकरी नळीत घातलेले. म्हातारीला ते जोडलेले हात वाटले असणार. तळाला मळसूत्राचा दांडा. दांड्याशेजारी बाईचं डोकं आणि ५६.

मी उठून आमच्या खोलीतून गाडी आणली. बाई त्या भोकावर ठेवली, फिरवली आणि ती गादीच्या चुण्यांत अशी बसली की मधे केसही जाऊ नये. सुंदर दिसत होती. घोडे आता कोणाला तरी घेऊन चालले होते. राग यायच्या आधी मला आनंद झाला, आणि ह्या गोष्टीची मला आजही चीड येते.

उंबऱ्याबाहेर बहीण उभी होती. सुतकामुळं आत येत नव्हती.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"बानाई," ती म्हणाली.

"तुला ठावं होतं?"

"दादा, रोज आंघोळ म्याच घालते देवाला."

"कवापासनं?"

"पयल्या हर्रासाच्या आदल्या दिशी ह्यांनी काढून आणली. सोन्याची हाय म्हणून. मांडताना कोण बघतंय? सासूबाईंना सांगितलं, हैदराबादहून बानाई घडवून आणली. त्यांनी मळवट भरला, नैवेद्य दावला. मंग मी काय बोलणार?"

"मला सांगायचं होतंस."

"तू देवडीवर जाऊन वरडला असतास. ह्यांच्या हातात बेड्या पडल्या असत्या."

"मी? तुझ्या नवऱ्याला? मी बेड्या घालीन?"

ती खाली बघत राहिली. दाजींनी मला फसवलं, ते फसवणारच होते, असं आता वाटतं. ज्या गादीवरची बाई आपण काढली ती गादी मेव्हण्याच्या गळ्यात मारायची, वर पैसे निम्मे घालून मोठेपणा मिरवायचा, आणि मग त्याच्याबरोबर हर्रासाहर्रासात फिरून तीच बाई शोधायची. एवढं नाटक मला करता आलं नसतं. पण ते परके. बहिणीनं सकाळी जिला आंघोळ घातली तिच्याबद्दल मी दुपारी विचारायचो, आणि ती "असंल एखादी मडमिणीवाणी" म्हणून हसायची. टोपीसुद्धा तिनं सांगितली होती. एवढ्या वर्षांत तिनं मला जोखून बघितलं होतं आणि ठरवलं होतं की हा माणूस आपला संसार मोडेल. हे मला आतून लागलं. तसं नंतर मला आई-वडील गेले तेव्हाही लागलं नाही.

"तिला होती तिथं ठिव," ती म्हणाली. "ते येत्याल."

मी बाई गाडीतून फिरवून काढली आणि पाटावर फिरवून बसवली. दाजी आले, डोक्याचा गोटा केलेला, ओलं धोतर. अशा माणसाशी भांडता येत नाही. त्यांनी लखलखणाऱ्या देवांकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि आत जाऊन पडले.

तेरावं झाल्यावर त्यांनीच विषय काढला. लाजले असतील, माफी मागतील, अशी माझी खुळी समजूत होती.

"पाव्हणं, तुम्हाला कळलंच हाय तर सरळ बोलतो," ते म्हणाले. "देवीला वाहन पायजे. गाडी आमच्या देवघरात द्या. निम्मी माझी हायच की."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "बाई द्या मला," मी म्हणालो. "ती गाडीची हाय."

"आईनं बसवलेला देव हाय त्यो. बसवलेला देव कुणी उठवतं का? तुम्ही खंडोबाच्या गावचे, तुम्हीच सांगा."

चोरीचं सोनं असलं तरी म्हातारीनं मरेपर्यंत तिला हात जोडले होते, मीही जोडले होते. देवडीच्या वारसांना कळवावं, असंही एकदा मनात आलं. पण त्यांनी दाजींना सोडलं नसतं आणि बहीण उघड्यावर आली असती. तिनं माझ्याबद्दल केलेला अंदाज मला खोटा पाडायचा होता. म्हणून मी वारसांना काही कळवलं नाही आणि दाजींना फक्त एवढंच म्हणालो की गाडी मिळणार नाही. आमच्यातलं बोलणं तिथंच थांबलं.

पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं आणि आम्ही परत गावी आलो. पेव उघडलं तर अस्वल, पाणक्या, म्हातारा सगळे सुखरूप. गाडी मी कोनाड्यात ठेवली आणि त्या रिकाम्या भोकाकडं बघायचं सोडून दिलं.

दिवाळी आली. दाजींच्या घरी दुखवटा होता, सण नव्हता, म्हणून भाऊबीजेला बहीण माहेरी आली. तिच्या येण्यानं मला बरंही वाटलं आणि वाईटही. आईनं पाट मांडला, रांगोळी काढली. गल्लीतल्या चार बायका बघायला आल्या होत्या. मी तिच्यासाठी दुकानातलं सगळ्यांत चांगलं इरकली लुगडं काढून ठेवलं होतं. जे झालं ते आता तिला विसरू द्यावं आणि आपणही विसरावं, असं मी मनाशी ठरवलेलं होतं. तिनं कुंकू लावलं, ताट हातात घेतलं, ओवाळलं.

"काय ओवाळणी घालू?" मी दरवर्षी विचारायचो तसं विचारलं.

"गाडी दे, दादा."

बायकोनं माझ्याकडं चमकून बघितलं. आईला काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "दे की रं! बहिणीपरीस घोडी का मोठी हायेत?" बायका हसल्या. भरल्या घरात, कुंकू लागलेलं असताना भाऊ बहिणीला नाही म्हणत नाही. हे मला जसं माहीत होतं तसंच तिलाही होतं, आणि ती ते ठरवूनच आली होती. दाजींना जे सोलापुरात जमलं नाही ते ती ताट घेऊन करायला आली होती.

मी उठलो, कोनाड्यातून गाडी काढली आणि तिच्या ताटात निरांजनाशेजारी ठेवली.

तिनं ताट खाली टेकवलं. कनवटीची एक पुरचुंडी काढली आणि सोडली. आत बाई होती. बसवलेला देव माझ्यासाठी उठत नव्हता, गाडीसाठी मात्र नळदुर्गहून उठून आला होता. बहिणीनं माझ्याकडं न बघता बाई भोकावर ठेवली आणि दोन बोटांनी हळूहळू फिरवली. नीट बसते का हे बघायला तिनं गाडी उचलून जरा हलवलीसुद्धा.

बाई घट्ट बसली होती. मग बहिणीनं वाकून मला नमस्कार केला आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.